पंधराशे मीटरचं पाणी : बायकांचं लांब पल्ल्याचं पोहणं आणि आपल्या विहिरी

विषयाला हात घालण्याआधी एक साधा प्रश्न. इथे बसलेल्यांपैकी ज्यांना पोहता येतं त्यांनी हात वर करा. बघा, पुरुषांच्या बाजूला हातच हात दिसताहेत. आता बायकांच्या बाजूला बघू. चार, पाच... सहा. ठीक. या सहाजणींना पुढचा प्रश्न : पोहणं थांबलं कधी? "सहावीत." "शहाणी झाल्यावर." मागून एक मावशी म्हणतायत, "भाऊ तालुक्याला शिकायला गेला, मग मला विहिरीवर कोण नेतंय!" ही उत्तरं लक्षात ठेवा. आज बोलायचं आहे ऑलिम्पिकमधल्या बायकांच्या पंधराशे मीटर फ्रीस्टाइलबद्दल, पण शेवटी आपल्याला या उत्तरांकडेच परत यायचं आहे.

आधी शर्यत समजून घेऊ. ऑलिम्पिकचा तलाव पन्नास मीटर लांब. पंधराशे मीटर म्हणजे तीस लॅप, मध्ये थांबणं नाही. फ्रीस्टाइल म्हणजे नियमाने कसंही पोहा. पण पालथं पडून एकाआड एक हात मारत जाणं सगळ्यांत वेगवान, म्हणून सगळे तेच करतात. मोजण्यात चूक होऊ नये म्हणून तलावाच्या टोकाला लॅपचा आकडा दाखवतात, आणि आघाडीवरची शेवटच्या दोन लॅपवर आली की इशारा होतो. २०२४ मध्ये पॅरिसला अमेरिकेच्या केटी लेडेकीने हे अंतर १५ मिनिटं ३०.०२ सेकंदांत कापलं. भागाकार करून बघा, ताशी ५.८ किलोमीटर पडतात. म्हणजे तुम्ही कालव्याच्या भरावावरून भराभर चालत निघालात, तर ही बाई पाण्यातून तुमच्या बरोबरीने येणार. ऐकायला विशेष वाटत नाही ना? थांबा, पाण्याचा हिशेब वेगळा असतो.

त्याआधी थोडा इतिहास. पुरुषांची पंधराशे मीटर शर्यत ऑलिम्पिकमध्ये १९०८ पासून आहे. बायकांना पोहायला प्रवेशच मिळाला १९१२ मध्ये स्टॉकहोमला, तोही शंभर मीटर आणि एक रिले एवढाच. १९२० ला ३०० मीटर, १९२४ ला ४००, आणि ८०० मीटर यायला १९६८ उजाडलं. पंधराशेचं सुवर्णपदक पहिल्यांदा दिलं गेलं ते टोकियोत, २८ जुलै २०२१ ला. पुरुषांनंतर ११३ वर्षांनी.

इतका उशीर का? बायकांना झेपणार नाही, ही समजूत. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला बायका ८०० मीटर धावल्या, संपल्यावर काही जणी दमून खाली पडल्या. पुरुषही पडतात. पण वर्तमानपत्रांनी पराचा कावळा केला आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद राहिली. गंमत अशी, की पाण्यातला पुरावा त्याआधीच उलटा मिळालेला होता. १९२६ मध्ये गर्ट्रूड एडर्ली ही अमेरिकन मुलगी इंग्लिश खाडी पोहून गेली, आणि तोवर पोहलेल्या सगळ्या पुरुषांपेक्षा कमी वेळात गेली! आपल्याकडच्या आरती साहा १९५९ मध्ये त्याच खाडीत उतरल्या आणि पार करणाऱ्या पहिल्या आशियाई महिला ठरल्या. मुंबईच्या रूपाली रेपाळेने १९९४ मध्ये तेच केलं. म्हणजे थंड, खवळलेल्या समुद्रात तासन् तास पोहणाऱ्या बायका जगासमोर होत्या, आणि तलावात पंधरा-सोळा मिनिटं पोहणं मात्र त्यांना झेपणार नव्हतं.

आम्हाला यात सगळ्यांत जास्त हळहळ वाटते ती जॅनेट इव्हान्सबद्दल. लहानखुरी मुलगी, हात सरळ ठेवून पवनचक्कीसारखे फिरवायची. शिकवणाऱ्याने पाहिलं असतं तर पहिल्या दिवशीच टोकलं असतं. १९८८ च्या मार्चमध्ये तिने पंधराशे मीटर १५:५२.१० मध्ये पोहून विश्वविक्रम केला. त्याच वर्षी सोल ऑलिम्पिकमध्ये सतराव्या वर्षी तिने तीन सुवर्णपदकं घेतली. पण ज्या शर्यतीत ती जगात पहिली होती, ती शर्यत तिथे बायकांसाठी नव्हतीच. आणि आता हा आकडा ऐका : १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचं पंधराशेचं सुवर्ण मिळालं होतं १५:५२.५८ ला. सोळा वर्षं आधीच्या पुरुष विजेत्यापेक्षा ही पोरगी वेगवान, आणि तिला शर्यत नाही. तिचा तो विक्रम २००७ पर्यंत टिकला.

आता पाण्याचा हिशेब. छातीभर पाण्यात पळून बघितलंय कधी? जितकी घाई कराल तितकं पाणी जास्त अडवतं. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती घनाने. साध्या भाषेत, वेग दहा टक्के वाढवायचा तर शक्ती सुमारे तेहतीस टक्के जास्त लागते. म्हणून लांब पल्ल्यात सुरुवातीला उगाच जोर लावला तर पुढच्या वीस लॅपमध्ये त्याची फेड करावी लागते. उत्तम पोहणारी पाचवा लॅप आणि पंचविसावा लॅप जवळजवळ सारख्याच वेळात काढते. लेडेकीचा विश्वविक्रम आहे १५:२०.४८, २०१८ चा. त्यात प्रत्येक पन्नास मीटरला सरासरी ३०.७ सेकंद पडतात. तीस वेळा, घड्याळ लावल्यासारखं.

पायांचंही असंच आहे. मांड्यांचे स्नायू मोठे, प्राणवायू भरपूर खातात, पण पुढे ढकलायला हातांइतके उपयोगी पडत नाहीत. म्हणून लांब पल्ल्यात पाय कमी मारतात, मुख्यतः तोल आणि अंग आडवं ठेवण्यापुरते. इथेच बाईच्या शरीराची एक बाजू जमेची ठरते. कंबर-मांड्यांवर चरबी थोडी जास्त असल्याने पाय वर तरंगतात. पुरुषाचे पाय बुडू बघतात आणि ते वर ठेवण्यात शक्ती जाते. आकडे बघा. शंभर मीटर फ्रीस्टाइलमध्ये बायकांचा विक्रम ५१.७१ सेकंद, पुरुषांचा ४६.४० : फरक अकरा टक्क्यांहून जास्त. पंधराशेत पुरुषांचा विक्रम १४:३०.६७, म्हणजे फरक सहा टक्क्यांहूनही कमी. कुणी म्हणेल, लेडेकी म्हणजे लाखात एक. बरोबर आहे. तिला बाजूला ठेवून पॅरिसच्या रौप्यपदकांची तुलना केली तरी फरक आठ टक्क्यांच्या आत येतो. म्हणजे जे अंतर बायकांना झेपणार नाही म्हणून नाकारलं, त्याच अंतरावर त्या पुरुषांच्या जास्त जवळ आहेत.

आता आपल्या गावात येऊ. नीरा डावा कालवा, उजनीचा फुगवटा, शिवारातल्या विहिरी. (जिरायती पट्ट्यातल्या बारामतीकरांनी रागावू नये, तुमच्या विहिरीचा तळ दिसतो हे आम्हाला माहीत आहे.) पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून पोरं इथे पोहायला शिकतात. पण विहीर शिकवते मुटका, सूर आणि तरंगणं. अंतर शिकवत नाही, कारण चार हात मारले की समोरचा कठडा. कालव्यात अंतर मिळतं, पण तिथे पाणीच वाहून नेतं. आणि सरावासाठी कालवा वापरू नका, हे बजावून सांगतो : आवर्तन चालू असताना धार ओढते, अस्तर केलेल्या उतारावर पाय ठरत नाही, मोऱ्या दिसत नाहीत.

तरी विहिरीवरच्या पोरीकडे एक गोष्ट असतेच, पाण्याची भीड मोडलेली असते. मग आपण तिला पाण्यातून बाहेर काढतो कधी? सहावी-सातवीत, बाराव्या-तेराव्या वर्षी. लेडेकीने ८०० मीटरचं पहिलं सुवर्ण जिंकलं २०१२ मध्ये, पंधराव्या वर्षी. १९६८ ची विजेती डेबी मायर सोळा वर्षांची होती. जॅनेट सतरा. लांब पल्ल्याचा दम जेव्हा तयार होतो, नेमकी तीच चार-पाच वर्षं आपण कापून टाकतो. पुढे बालेवाडीचा मोठा तलाव इंदापूरपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास, हा प्रश्न आहेच. पण तो नंतरचा. पहिली अडचण कपडे, पाळी, लोक काय म्हणतील, आणि शिकवायला बाई नाही ही आहे. आमच्या मते यातली शेवटची सुटली तर बाकीच्या निम्म्या आपोआप सुटतात.

पदकाचं सोडा हवं तर. २१ मे २०२४ ची संध्याकाळ इथल्या कुणाला सांगायला नको. कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली. सहा जण गेले. एक जण पोहत काठाला लागला. वादळात पोहणारेही बुडतात, लाइफ जॅकेटला पर्याय नाही, हे मान्य. पण आपल्या बायकामुली रोज ज्या पाण्यावरून जातात, त्या पाण्यात त्यांना पाच मिनिटंही तग धरता येऊ नये?

मघाच्या मावशींनी चिठ्ठी पाठवली आहे : "आता या वयात जमेल का?" जमेल. तलावाच्या उथळ बाजूला, सोबतीला कुणी जाणतं हवं. पहिले पंधरा दिवस फक्त तोंड पाण्यात घालून श्वास सोडायला शिका. दम लागतो तो बहुतेक वेळा श्वास कोंडल्यामुळे. मग एक लॅप, कितीही सावकाश. वेळ लिहून ठेवा. दुसरा लॅप त्याच वेळात आला पाहिजे, आधी नाही आणि नंतरही नाही. दोनाचे चार करायला महिना लागला तरी चालेल. नातीला सोबत घेऊन जा. ती सहावीत आहे असं तुम्हीच लिहिलंय.