रविवाराखेरीजचे रोहे

तेहतीस वर्षे मुंबईच्या एका कचेरीत काढून मी रोह्यास कायमचा परतलो, तेव्हा स्नेह्यांनी एकच प्रश्न केला : तिकडे तुमचा वेळ कसा जाणार? हाच प्रश्न माझ्या पत्नीस मात्र कोणी कधी विचारला नव्हता. ती तर ही तेहतीस वर्षे येथेच होती. माझे आईवडील, मुलांच्या शाळा, परसातील माड आणि खंडाने दिलेले चार गुंठे शेत या सर्वांचे तिने पाहिले. मी शनिवारी रात्री यावे आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने जावे, असा क्रम होता. त्यामुळे रोहे माझे गाव खरे. परंतु मला ठाऊक होते ते केवळ रोह्याचे रविवार.

त्यातही आश्विन मला सर्वांत अपरिचित. गणपतीची रजा संपलेली, दिवाळीची अद्याप मिळावयाची, अशा फटीत हा महिना सापडतो. दसऱ्याच्या सुमारास गावात धावीर महाराजांची पालखी निघते आणि तिला पोलिसांची मानवंदना मिळते, हे मी मुंबईत लोकांस मोठ्या अभिमानाने सांगत असे. प्रत्यक्ष पाहण्याचा योग मात्र क्वचितच आला. आता निवृत्तीनंतरच्या पहिल्याच शरदात या महिन्याशी माझी ओळख होत होती.

पहाटे उठावे तो अंगणात प्राजक्ताचा सडा. दारच्या मांडवावर तवशी लोंबत असतात. धोबी पक्षी नुकताच उत्तरेकडून आलेला असतो आणि शेपटी हालवीत ओल्या वाटेवर पुढे पुढे धावतो. मी कुंडलिकेच्या काठी जाऊन बसतो. शरदात कोकणातील कोणतीही नदी निवळतेच; परंतु आमच्या नदीचे निराळे आहे. सह्याद्रीपलीकडील मुळशीच्या जलाशयाचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातील चक्रे फिरवून हिच्यात उतरते. म्हणून इतर नद्या फाल्गुनात आटल्या तरी हिला पाणी असते. त्या धरणाखाली जमिनी जाऊ नयेत यासाठी मावळातील शेतकऱ्यांनी 1921 साली सत्याग्रह केला होता व पुढे सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंग भोगला, याची आठवण काठावर बसले असता हटकून होते. आपले सुख कोणाच्या तरी पदरातून आलेले असते. वाऱ्याची दिशा फिरली म्हणजे धाटावच्या कारखान्यांचा दर्पही येतो. तो वगळून वर्णन करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

आता त्या दुपारविषयी सांगतो. आमच्या शेतातील हळवे भात कापून वाळण्यासाठी शेतातच पसरले होते. मी ओटीवर वृत्तपत्र वाचीत होतो. पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली, पूर्वेकडील डोंगरांकडे पाहिले आणि म्हणाली, “अहो, उठा. पाऊस येतोय.”

ऊन लख्ख पडले होते. मी मोबाइलवरील हवामानाचा अंदाज पाहिला व तिला शांतपणे सांगितले, “आज पाऊस नाही.”

तोवर ती बांधावर पोचली होती. पावसाळ्यातील पाऊस समुद्राकडून येतो, परंतु परतीचा पाऊस दुपार कलल्यावर डोंगराकडून उतरतो, आणि कापलेले भात दोन दिवस भिजले तर कणसातील दाण्यांस मोड येतात, हे ज्ञान मला त्या दिवशी धावत धावत मिळाले. शेत करणारे नवराबायको, पत्नी आणि मी, असे चौघे भारे वाहत होतो. माझा एक भारा वाटेतच सुटला. शेतकरीणबाई तोंडाला पदर लावून हसली. शेवटचा भारा पडवीत येतो न येतो तोच विजांसह सर कोसळली. थोडे भात भिजलेच, पुष्कळसे वाचले. मी दमून पायरीवर बसलो असता पत्नी पाणी घेऊन आली व सहज म्हणाली, “दर वर्षी असंच असतं.”

दर वर्षी! मला पत्रात, पुढे टेलिफोनवर, “यंदा भात बरं झालं” एवढेच कळत असे.

पुढे कोजागिरी आली. दारावर नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याची पाने व कुरडूची फुले यांचे नवे बांधले होते. रात्री अंगणात दूध आटत ठेवले आणि मी तिला मेघदूताची गोष्ट सांगू लागलो. त्याला निमित्तही घरचेच होते. रोह्याच्या देशमुख घराण्यातील चिंतामणराव, जे 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, त्यांनी त्या काव्याचा मराठी अनुवाद केला आहे. यक्षाचा शाप कार्तिकी एकादशीस संपतो आणि शरदाच्या चांदण्या रात्री पतिपत्नींचा पुनः सहवास घडावयाचा असतो, इतके सांगून मी थांबलो.

तिने दूध ढवळीत विचारले, “त्या यक्षाला एकच वर्ष झालं होतं ना?”

मी होय म्हटले. तिने पेला पुढे केला. त्यावर मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हतेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबे लेबले लावून ओळीने मांडावे म्हणून फळीजवळ गेलो असता ती म्हणाली, “येत्या सोमवारी तुम्ही पेणला जाऊन या. पोहे संपलेत. आणि मला एक दिवस घर मोकळं हवंय.”

तेहतीस वर्षांत पेण हे मला खिडकीबाहेर अंधारात मागे जाणारे स्टेशन एवढेच माहीत होते. त्या सोमवारी प्रथमच उतरलो. अनंत चतुर्दशी होऊन महिना उलटला होता, तरी गणपतींच्या कारखान्यांत पुढील वर्षाच्या मूर्ती साच्यातून निघत होत्या. रंगावाचूनच्या, डोळ्यांवाचूनच्या, फळ्यांवर रांगेने वाळत ठेवलेल्या. एका गिरणीत भिजवून भाजलेल्या भाताचे पोहे होताना पाहिले. दोन किलो पातळ, एक किलो जाड आणि पोह्याचे पापड असे घेतले. दुपारची गाडी मिळत होती. परंतु ती सोडून मी संध्याकाळच्या गाडीने परतलो.