भाकणूक

भाकणूक म्हणजे देवाचा संचार झालेल्या व्यक्तीने यात्रेत जमलेल्या समुदायासमोर उच्चारलेले येत्या वर्षाचे भविष्य. भविष्य सांगणे या अर्थाच्या ‘भाकणे’ या क्रियापदापासून हा शब्द बनला आहे. पश्चिम महाराष्ट्रात बिरोबा, म्हस्कोबा आदी धनगरांच्या उपास्य देवतांच्या यात्रांत ही प्रथा आढळते. पाऊस, पीकपाणी, धान्याची धारण, रोगराई आणि राजकारण हे भाकणुकीचे मुख्य विषय होत.

स्वरूप

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील पट्टणकोडोली येथील विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भाकणुकीसाठी विशेष प्रसिद्ध आहे. सोलापूर जिल्ह्यातील अंजनगावहून ‘फरांडे बाबा’ या नावाने ओळखले जाणारे मानकरी या यात्रेसाठी पायी येतात. ढोल-कैताळांच्या गजरात आणि मानाच्या छत्र्यांच्या गर्दीत भाविक त्यांच्यावर भंडारा, खारीक, खोबरे व लोकर उधळतात. हातात तलवार घेऊन केल्या जाणाऱ्या नृत्याला ‘हेडाम’ म्हणतात. त्यानंतर भाकणूक होते. तिची वाक्ये त्रोटक आणि सांकेतिक असतात. त्यांचा अर्थ लावण्याचे काम श्रोत्यांकडे राहते.

पुणे जिल्ह्यातील वीर येथील म्हस्कोबाच्या यात्रेतही भाकणूक होते. कर्नाटकातील मैलार येथे गोरवय्या उंच धनुष्यावर चढून एकाच वाक्यात भविष्य उच्चारतो. त्यास ‘कारणिक’ म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची घटमांडणी मात्र या प्रकारात मोडत नाही. तेथे अंगात संचार होत नसून, मांडलेल्या धान्यात रात्रीतून झालेल्या बदलांवरून अंदाज वर्तविला जातो.

शामनप्रथेशी तुलना

‘शामन’ हा शब्द सायबेरियातील एवेंकी लोकांच्या भाषेतून युरोपात गेला. मिर्चा एलियाद यांनी १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात भावसमाधीत आत्म्याने परलोकाचा प्रवास करणे हे शामनाचे मुख्य लक्षण मानले. भाकणुकीत आत्मा बाहेर जात नाही, तर देव देहात येतो. म्हणून काटेकोर अर्थाने तिला शामनप्रथा न म्हणता ‘संचार’ म्हणणे अधिक योग्य ठरते. समुदायाच्या वतीने अदृश्य शक्तीशी संवाद साधणे हे मात्र दोहोंत समान आहे.

युरोपातील केल्टिक परंपरेशी केलेली तुलना या संदर्भात उद्बोधक आहे. केल्टिक समाजातील ड्रुइड आपली विद्या लिहून ठेवत नसत. ती मुखोद्गत करण्यास काहींना वीस वर्षे लागत, असे ज्युलियस सीझरने नोंदविले आहे. रोमन सत्ता आणि पुढे ख्रिस्ती धर्म यांच्या प्रसारानंतर ही मौखिक साखळी तुटली. आयर्लंडमधील जुन्या कथा व विधींची वर्णने लेखनबद्ध झाली, ती प्रामुख्याने ख्रिस्ती मठांतून. विसाव्या शतकात मायकेल हार्नर यांच्या ‘द वे ऑफ द शामन’ (१९८०) या पुस्तकाने ढोलाच्या तालावर समाधी साधण्याची पद्धत लोकप्रिय केली. जॉन मॅथ्यूज यांनी १९९१ मध्ये ‘द केल्टिक शामन’ लिहून शामनप्रथेचा हा विचार केल्टिक पुराणकथांशी जोडला. आजचे अनेक नवपेगन साधक या मार्गाचा अवलंब करतात. ब्रिटिश इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी ‘शामन्स’ (२००१) या ग्रंथात पाश्चात्त्यांची शामनविषयक कल्पना कशी घडत गेली, याची चिकित्सा केली आहे.

थोडक्यात, तेथे ग्रंथ आधी आणि विधी नंतर आला. धनगरी परंपरेत विधी आधी आणि ग्रंथ नंतर आला. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) यांनी धनगरांच्या वाड्यांवर हिंडून ओव्या व कथा ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये आणि त्याचे इंग्रजी भाषांतर १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. सांगली जिल्ह्याच्या कवठे महांकाळ तालुक्यातील आरेवाडी हे बिरोबाचे एक प्रमुख ठाणे आहे. सांगली-मिरज-कुपवाड परिसरातील धनगर समाजाला ही परंपरा पुस्तकांतून शोधावी लागत नाही. ती ओव्या, गजनृत्य आणि यात्रा यांतून चालत आलेली आहे.

चिकित्सा व कायदा

परंपरा अखंड असणे हा तिच्या सत्यतेचा पुरावा नव्हे, अशी विवेकवादी भूमिका आहे. सांकेतिक वाक्याचा अर्थ घटना घडल्यानंतरही सोयीने लावता येतो, हा भाकणुकीवरील मुख्य आक्षेप होय. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दीर्घकाळ लढा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी हा कायदा अस्तित्वात आला. अंगात दैवी शक्ती संचारल्याचे भासवून लोकांत भीती निर्माण करणे हा त्यानुसार गुन्हा आहे. यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन यांसारख्या उपासनांना तो लागू होत नाही.

सद्यस्थिती

पूर्वी भाकणूक श्रोत्यांच्या स्मरणात राहत असे; आता वृत्तपत्रे ती छापतात आणि तिच्या चित्रफिती मोबाइलवरून फिरतात. त्यामुळे मौखिक वचनाला लिखित रूप मिळाले असून, गतवर्षीचे शब्द आणि प्रत्यक्षातील पाऊसपाणी यांची तुलना करणे कोणाही जिज्ञासूस शक्य झाले आहे.