प्रश्न मशीनचा नाही, महाधमनीचा

हार्ट-लंग मशीन न लावता धडधडत्या हृदयावर, म्हणजे ‘बीटिंग हार्ट’ बायपास केली तर पक्षाघाताचा धोका टळतो का, असं रुग्णांचे नातेवाईक हमखास विचारतात. बायपासनंतर शंभरात साधारण एक-दोघांना पक्षाघात होतो आणि दोष हार्ट-लंग मशीनवर येतो. पण 19 देशांतल्या 4752 रुग्णांवरच्या ‘कॉरोनरी’ चाचणीत (2012) पहिल्या 30 दिवसांत हे प्रमाण मशीनसह 1.1 टक्के, तर मशीनविना 1 टक्का निघालं. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. कारण मशीन नसलं, तरी पायातून काढलेल्या शिरेचं टोक बऱ्याचदा महाधमनीलाच शिवतात आणि त्यासाठी तिला चिमटा लावावा लागतो. उतारवयात या धमनीच्या आत चरबी आणि कॅल्शियमचे थर साचलेले असतात. जुन्या नळाला पाना लावला की आतला गंज सुटतो, तसे त्यांचे कण सुटतात आणि रक्ताबरोबर मेंदूत जाऊन अडकतात.

तेव्हा महाधमनीला हातच लावायचा नाही, हा खरा उपाय. तो नवा नाही, हे मला फार विलक्षण वाटतं. 1964 मध्ये लेनिनग्राडला वसिली कोलेसोव्ह यांनी धडधडत्या हृदयावर छातीतली स्तनधमनी थेट हृदयाच्या धमनीला जोडली. स्तनधमनीचा उगम जागच्या जागी राहतो, त्यामुळे महाधमनीला टाका घालावाच लागत नाही. पुढे 1967 पासून क्लीव्हलँडमध्ये रेने फावालोरो यांनी शिरेची बायपास रूढ केली. त्यांचं श्रेय मोठंच आहे, पण कोलेसोव्ह यांचं नाव मागे पडलं ते अन्यायाचं.

2017 मध्ये 13 अभ्यासांतल्या 37 हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. महाधमनीला स्पर्श न करता केलेल्या बायपासमध्ये पक्षाघाताचं प्रमाण नेहमीच्या बायपासपेक्षा 78 टक्क्यांनी कमी दिसलं. यातले बहुतेक अभ्यास निरीक्षणात्मक आहेत, निष्णात हातांचा परिणामही त्यात मिसळला असेल, हा आक्षेप रास्त आहे. ही पद्धत अवघड आहे आणि सराव नसलेल्या सर्जनने केली तर जोड कमी किंवा कच्चे राहू शकतात, हेही खरं. शिवाय काही पक्षाघात शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी, हृदयाचे ठोके अनियमित झाल्यामुळे होतात. ते याने टळणार नाहीत. तरीही कण सुटण्याची जागाच टाळली, तर तेवढा धोका कमी होणार, हे कारण मला पटतं. जिथे स्पर्श अटळ आहे, तिथे महाधमनीवर थेट सोनोग्राफीचा प्रोब ठेवून निरोगी जागा शोधता येते. बोटांनी चाचपून मऊ थर कळत नाहीत. म्हणून घरात कुणाची बायपास ठरली असेल, तर ‘मशीन लावणार का’ एवढंच विचारून थांबू नका. महाधमनीला चिमटा लावणार का, आणि लावणार असाल तर आधी ती तपासणार कशी, हेही सर्जनना विचारा.