शब्दाचे दोन सांधे
भाषांची घडण : लेखांक ६

मागच्या लेखात इटालियन स्वरांचा विचार केला; आता शब्दाच्या आत शिरू. इटालियनमध्ये 'पार्लारे' म्हणजे बोलणे. त्याचे मूळ 'पार्ल्'. त्याला 'ओ' लागला की 'पार्लो' (मी बोलतो), 'इआमो' लागला की 'पार्लिआमो' (आम्ही बोलतो). अर्थाने पाहिले तर शब्द 'ल्'नंतर तुटतो. पण हाच शब्द सावकाश उच्चारताना किंवा ओळीच्या शेवटी जागा संपल्यावर तोडताना तुकडे पडतात 'पार्-लो' असे. मूळच मधोमध चिरले जाते. 'गात्तो' म्हणजे मांजर. मूळ 'गात्त्', अनेकवचन 'गात्ती', मांजराचे पिल्लू 'गात्तीनो'. उच्चारात मात्र 'गात्-तो', 'गात्-ती-नो'. नवशिक्याला यात नियमाचा गोंधळ दिसतो, पण मला त्यात भाषेच्या घडणीची किल्ली दिसते. शब्दाची विभागणी दोन परींनी होते, एक अर्थाची आणि दुसरी उच्चाराची, आणि कुठलीच दुसरीला विचारून चालत नाही.

याचा पुरावा शोधायला भोपाळच्या मराठी वाचकाला रोमला जावे लागत नाही. १९५६ साली भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. कचेऱ्या इथे हलल्या, आणि त्यांच्याबरोबर नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडची मराठी कुटुंबेही आली. तेव्हापासून या घरांत आत मराठी आणि बाहेर हिंदी असा रोजचा व्यवहार आहे. आता 'सडक' हा दोन्हीकडचा शब्द घ्या. एकटा असताना तो 'स-डक' असा उच्चारला जातो. मराठीत 'सडकेवर' म्हटले की तुकडे पडतात 'सड-के-वर'. हिंदीत 'सड़कों' म्हटले की 'सड़-कों'. हिंदीतल्या 'औरत'चेही तेच : 'औ-रत', पण 'और-तें'. मूळ शब्दाचे शेवटचे व्यंजन प्रत्ययाच्या स्वराला जाऊन मिळाले आणि मागे उरलेल्यांनी आपली जुळणी बदलली. दोन स्वरांमध्ये एकटे सापडलेले व्यंजन पुढच्या स्वराकडे झुकते, ही प्रवृत्ती जगातल्या बहुतेक भाषांत आढळते. मराठी तर याहून पुढे जाते. 'कापूस'चा 'कापसाचा' होतो, 'देऊळ'चे 'देवळात' होते. नव्या जुळणीत मुळातला दीर्घ स्वरही टिकत नाही. 'का-पूस' आणि 'काप-सा-चा' यांत मूळ एकच, पण उच्चाराची चौकट साफ वेगळी.

यावर कोणी म्हणेल, की आपली लिपी तर अक्षरांचीच आहे. उच्चाराचे तुकडे ती डोळ्यांसमोर मांडतेच, मग वेगळी चर्चा कशाला? लिपी ते पुरते मांडत नाही. 'सडकेवर'मध्ये लिहिलेली अक्षरे पाच, उच्चाराचे तुकडे तीन. 'ड'मधला अ आणि शेवटच्या 'र'मधला अ लिहिला जातो, बोलला जात नाही. अर्थाचा सांधा तर देवनागरी झाकूनच टाकते. 'बोलू'मधले 'लू' हे एकच अक्षर, पण त्यातला 'ल्' धातूचा आणि 'ऊ' प्रत्ययाचा. त्याच धातूचे 'बोलतो' झाले की 'बोल-तो' असे दोन्ही सांधे एका जागी येतात. एकाच धातूच्या दोन रूपांत सांधे एकदा जुळतात, एकदा जुळत नाहीत. दोन्ही विभागण्या एकच असत्या तर असे होऊच शकले नसते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 'पार्ल्' असे कोणी कधी बोलत नाही. मग मूळ ही वैयाकरणांची कल्पना नव्हे काय? तसे असते तर इटालियन माणसाने नवे शब्द कशावरून घडवले असते? संगणकाबरोबर 'क्लिक' आले आणि त्याने 'क्लिक्कारे' हे क्रियापद केले. 'क्लिक्को' म्हणजे मी क्लिक करतो, 'क्लिक्की' म्हणजे तू क्लिक करतोस. इथे लेखनाकडे पाहण्यासारखे आहे. इटालियनमध्ये 'सी' या रोमन अक्षरापुढे 'आय' आला की उच्चार 'च' होतो. 'क्लिक्की' लिहिताना तो होऊ नये म्हणून मध्ये 'एच' घालतात. त्या 'एच'ला स्वतःचा उच्चार नाही. मुळातला 'क' जपणे एवढेच त्याचे काम. नव्या, परक्या शब्दाचेही मूळ बोलणाऱ्याच्या मनात किती पक्के बसते, याला याहून चांगली साक्ष मला ठाऊक नाही. मराठीनेही 'खर्च'वरून 'खर्चणे' आणि 'बदल'वरून 'बदलणे' याच बळावर केले.

माळव्यात तर हा विचार दगडावर कोरलेला आहे. भोपाळजवळच्या भोजपूरला ज्याचे नाव आहे तो अकराव्या शतकातला परमार राजा भोज स्वतः वैयाकरण होता. 'सरस्वतीकंठाभरण' नावाचा त्याचा व्याकरणग्रंथ पाणिनीच्या वळणावर रचलेला आहे. त्याच्यानंतरच्या उदयादित्य आणि नरवर्मन यांच्या नावांशी जोडलेले सर्पबंध शिलालेख धार आणि उज्जैन इथे आहेत. त्यांत सापाच्या वेटोळ्यांमध्ये वर्णमाला आणि व्याकरणाचे प्रत्यय मांडले आहेत. उच्चाराचे घटक आणि अर्थाचे घटक एकाच आकृतीत, तरीही वेगवेगळे ओळखू येतील असे बसवणे ही केवढी स्वच्छ दृष्टी!

सामासिक शब्द आणि उपसर्ग यांचा अपवाद मात्र मान्य करायला हवा. 'देवघर' किंवा 'दुर्गुण' अर्थाने तोडा की उच्चाराने, सांधा तोच. पण उपसर्गानंतर स्वर आला की पुन्हा फारकत होते : 'अन्' आणि 'आदर' मिळून 'अनादर', आणि तोंडात 'अ-ना-दर'. इटालियनमध्ये 'उग्वाले' म्हणजे समान आणि 'दिसुग्वाले' म्हणजे असमान. ओळीच्या शेवटी तो शब्द तोडायचा झाल्यास 'दिस-उग्वाले' आणि 'दि-सुग्वाले' अशा दोन्ही रीती तिथे ग्राह्य मानतात. पहिली रीत उपसर्ग राखते, दुसरी उच्चार. मात्र 'पास्ता' हा शब्द इटालियन शाळेत 'पा-स्ता' असाच तोडायला शिकवतात, आणि आपण 'पुस्तक' उच्चारताना 'पुस्-तक' करतो. जोडव्यंजनातल्या 'स'ची ही ओढाताण पुढच्या लेखात.