बंद एसी, उघडी खिडकी

नागपुरात मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एसी बंद पडला की मेकॅनिक फोनवर "उद्या येतो" म्हणतो. या 'उद्या'ला तारीख नसते. त्याचाही नाइलाज असतो. नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे ते नऊ दिवस, लागलेला असतो आणि निम्म्या गावाचे एसी एकदमच आजारी पडलेले असतात. लोक याला नशीब म्हणतात, पण त्यात नशिबाचा वाटा थोडा आणि पदार्थविज्ञानाचा जास्त आहे.

एसी थंडी तयार करत नाही. खोलीतली उष्णता उचलून तो बाहेर नेऊन टाकतो. बाहेर ३५ अंश असताना हे ओझे टाकणे सोपे असते, ४५ अंशांत तेच जिवावर येते. त्यातून आउटडोअर युनिट आपण बसवलेले असते गच्चीवर, भर उन्हात, तापलेल्या स्लॅबपासून वीतभर अंतरावर. तिथली हवा हवामान खात्याच्या आकड्यापेक्षा कितीतरी तापलेली असते. गॅसचा दाब चढतो, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, गल्लीतले सगळे एसी चालू असल्याने व्होल्टेज पडलेले असते आणि उष्णतेने कपॅसिटर थकतो. यंत्र दुपारी तीनला मान टाकते ते यामुळे. उन्हाने गडबडणारी यंत्रे काही घरगुतीच असतात असे नाही. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने चक्क ५६ अंश नोंदवले होते. तो संवेदकाचा दोष असल्याचा खुलासा खात्याला करावा लागला, तोवर तो आकडा देशभर फिरून आला होता.

मेकॅनिक येईपर्यंत घरच्या माणसाने पाहण्यासारख्या गोष्टी थोड्याच. एमसीबी पडला आहे का, रिमोट चुकून 'फॅन'वर गेला आहे का, जाळी धुळीने बुजली आहे का. आतल्या युनिटवर बर्फ धरला असेल तर कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा आणि बर्फ वितळू द्यावा. एसी बंद पडून तासाभराने आपोआप सुरू होत असेल, तर तो बरा झालेला नसतो. कॉम्प्रेसर तापल्यावर त्याला तोडणारी सुरक्षा-कळ थंड होऊन पुन्हा जुळलेली असते, एवढेच. आउटडोअरचे झाकण मात्र उघडू नये. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार साठून राहतो आणि तो चांगलाच झटका देतो.

आमच्याकडचे झाकण मेकॅनिकने उघडले तेव्हा सर्किट बोर्डावर एक पाल चिकटलेली होती. वाळून पापड झालेली, शेपूट एका टर्मिनलवर आणि पुढचा पाय दुसऱ्यावर. "काकाजी, हे पाहा. हिनं पुरा बोर्डच नेला सोबत," तो म्हणाला. किड्यांच्या मागे पाल आत शिरते, दोन टोके जोडते, स्वतः मरते आणि हजारोंचा बोर्ड घेऊन जाते. वायर आत जाते त्या भोकाला बारीक जाळी किंवा सीलंट लावले की हा खर्च टळतो. हे कुठल्याही माहितीपुस्तिकेत ठळक छापलेले मी पाहिले नाही. बोर्ड मागवावा लागणार होता, आणि कंपनीच्या गोदामातून तो यायला किती दिवस लागतील हे कोणी सांगेना. आम्ही माळ्यावरचा कूलर उतरवला.

इथे एक गोची होते. एसीने आपल्याला घर बंद ठेवायला शिकवले आहे. दार लोटा, फट बुजवा, पडदा ओढा. कूलरचा धर्म नेमका उलटा. तो बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढतो, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता घेते आणि गार हवा आत येते. ही हवा जेवढी आत येईल तेवढीच बाहेरही गेली पाहिजे. म्हणून कूलर खिडकीच्या बाहेर हवा आणि समोरचे दार किंवा खिडकी वीतभर उघडी हवी. एसीची सवय लागलेली माणसे कूलर खोलीत आणून ठेवतात, सगळे बंद करतात आणि तासाभरात अंथरूण दमट झाले म्हणून कूलरला शिव्या घालतात.

पाण्याची ताकद किती, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक टनाचा एसी तासाला खोलीतून जेवढी उष्णता उचलतो, तेवढीच उष्णता साधारण सव्वापाच लिटर पाण्याची वाफ व्हायला लागते. नागपुरात दुपारी तापमान ४५ आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर २४ अंशांच्या आसपास थांबतो. चांगल्या ताट्यांचा कूलर तिथवर पोहोचत नाही, पण २८ अंशांची हवा देऊ शकतो. पंखा आणि छोटा पंप एवढ्यावर चालणाऱ्या लोखंडी डब्यासाठी हे थोडे नाही. ताट्या वाळ्याच्या असतील तर वासाची चैन वेगळीच. लाकडाच्या किसाच्या ताट्या स्वस्त, पण दर उन्हाळ्यात बदलाव्या लागतात. हनीकोंब पॅड टिकतो, पण खारे पाणी असेल तर त्यावर पांढरा थर चढतो. आणि हे पाणी येणार कुठून, हा प्रश्न आहेच. अकोला-यवतमाळकडे नळाला रोज पाणी येत नाही, तिथे दिवसभर कूलर पाजायचा म्हणजे घरात भांडण.

हाच कूलर मुंबईत किंवा रत्नागिरीत लावणे मात्र शुद्ध वेडेपणा. तापमान ३४, आर्द्रता ७०. ओला थर्मामीटर २९ च्या वर, म्हणजे कूलरने फार तर तीन-चार अंश मिळणार आणि वर खोलीत बाष्प भरणार. किनाऱ्यावर एसी बंद पडला तर पाणी कामाचे नाही, वारा कामाचा. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, पंखा थेट अंगावर, टेबलफॅन खिडकीच्या तोंडाशी. विदर्भात याच्या उलट. हवा ४० च्या वर गेली की नुसता पंखा अंगावर लू फेकतो. जागतिक आरोग्य संघटनाही पंख्याचा भरवसा ४० अंशांपर्यंतच धरायला सांगते. त्यापुढे कोरड्या अंगाने पंख्याखाली बसण्यापेक्षा ओला पंचा मानेवर आणि दंडावर घेऊन बसावे. मग तोच वारा उपयोगी पडतो.

कूलरबद्दल एक गोष्ट जरा थांबून सांगायला हवी. विदर्भातल्या वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणूस गेल्याची बातमी असते, आणि अनेकदा जाणारे बाईमाणूस किंवा लेकरू असते, कारण पाणी भरायचे काम त्यांच्याकडे. लोखंडी डबा, आत पाणी, पाण्यात पंप, पंपाची वायर जुनी, आणि प्लगची तिसरी पिन एक तर तुटलेली किंवा मागच्या भिंतीत अर्थिंगच नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून कडेला हात लावला की संपले. पाणी भरताना बटण बंद करणे पुरेसे नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण कित्येकदा न्यूट्रलवर बसवलेले असते, म्हणजे कूलर बंद दिसतो पण फेज आत असतेच. प्लग उपसून ठेवावा. घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. साधा एमसीबी वायर वाचवतो, माणसाला वाचवत नाही. गळणारा करंट ओळखून क्षणात वीज तोडतो तो आरसीसीबी. एसीवर चाळीस हजार घालणारे घर यावर खर्च करताना का कचरते, मला कळलेले नाही.

डेंग्यूचे डासही कूलरच्या टाकीत वाढतात. आठवड्यातून एकदा टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. पुढच्या वर्षी टाकीत पाणी पडले की ती जागी होतात.

दिवस कूलरने निघतो, रात्र स्लॅबशी झुंजण्यात जाते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने रात्री नऊला छताला हात लावून पाहावा. दिवसभर ऊन प्यायलेले काँक्रीट काही तास उशिराने उष्णता आत सोडते, म्हणून बाहेर वारा सुटला तरी खोली भट्टीसारखी राहते. जुनी धाब्याची घरे आणि मराठवाड्यातली माळवदे मातीच्या जाड थरामुळे या बाबतीत बरी होती, अर्थात त्यांची गळती काढणाऱ्यांना विचारले तर ते वेगळे सांगतील. स्लॅबला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे चुना. चुन्यात थोडे पांढरे सिमेंट आणि डिंक घालून गच्चीला दोन हात दिले की ऊन परतवले जाते आणि खालच्या खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडतो. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा थंड छतांसाठी राज्याचे धोरणच आणले. खिडकीचे ऊन आतल्या पडद्याने अडवू नये, कारण तोवर ते काचेतून आत आलेले असते. बाहेरून ग्रीन नेट किंवा गोणपाट बांधावे. सकाळी आठच्या आत सगळ्या खिडक्या बंद आणि बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सताड उघड्या. मधल्या वेळात कूलरपुरते येणे-जाणे सोडून उघडझाप नाही. विदर्भाच्या कोरड्या आकाशाखाली रात्री गच्ची लवकर निवते. सूर्य मावळल्यावर तिच्यावर दोन बादल्या शिंपडून बाज टाकायची रीत एसीने मोडली, तोवर ती चांगली चालू होती.

घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल तर मात्र हे प्रयोग बाजूला ठेवून त्यांना थंड खोली असलेल्या शेजाऱ्यांकडे किंवा नातलगांकडे हलवावे. म्हातारपणी तहान कमी लागते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ वर गेला, त्या महिन्यात तिथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले असा अभ्यासकांचा हिशेब आहे. त्यातून २०१३ साली त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला आणि नंतर नागपूरनेही तसा आराखडा केला. लू लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून भागत नाही. कैरीचे पन्हे, मठ्ठा, किंवा लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून केलेली जलसंजीवनी यांनी काम होते. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, तर तो साधा थकवा नव्हे. १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत वारा घालावा, काखेत आणि जांघेत बर्फ धरावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी इथे काही करत नाही.

बोर्ड आला तेव्हा मेकॅनिकने जाता जाता "गॅस पण टाकून देऊ का?" असे विचारले. हा प्रश्न सगळ्यांनाच विचारला जातो, म्हणून सांगतो. एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. नळ्या बंदिस्त असतात. गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतो आहे, आणि ती गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा विकत घ्यावा लागतो. आधी नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाचा फेस लावून गळती दाखव म्हणावे. मग व्हॅक्यूम पंप, आणि मग गॅस काट्यावर मोजून. किती ग्रॅम लागतो ते आउटडोअरच्या पट्टीवर छापलेले असते. आजच्या बहुतेक एसींत आर-३२ असतो. तो हवेत सोडला तर किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट तापवतो, आणि थोडाफार पेटतोही, तेव्हा "थोडा काढून नवीन भरू" म्हणणाऱ्याला नको म्हणावे.

हे सगळे करून घ्यायला दिवाळीनंतरचे दिवस बरे. तेव्हा मेकॅनिक रिकामे असतात, दरही मेपेक्षा उतरतात आणि बोर्ड-कपॅसिटर दुकानात मिळतात. फक्त थंडी पडायच्या आत एसी अर्धा तास चालवून बघावा. पंधरा अंशांच्या पहाटे तो थंड करतो की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही.