ईस्टर (कोल्हापूर परिसर)

ईस्टर अथवा पुनरुत्थानदिन हा येशू ख्रिस्त मरणातून पुन्हा उठल्याच्या स्मरणार्थ साजरा होणारा ख्रिस्ती धर्मातील प्रमुख सण आहे. कागलसह कोल्हापूर परिसरातील मराठी ख्रिस्ती कुटुंबांत तो उपासनेचा आणि पूर्वजस्मरणाचाही दिवस मानला जातो.

पार्श्वभूमी

अमेरिकन मिशनरी रॉयल गूल्ड वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांच्या कार्यातून येथे प्रोटेस्टंट मंडळी उभी राहिली. शहरातील वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्या स्मरणार्थ आहे.

तिथी

चर्चच्या गणनेनुसार २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. पाश्चात्त्य परंपरेत तो २२ मार्च ते २५ एप्रिल या काळात, बहुधा चैत्रात येतो.

परंपरा

सणाआधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळतात. झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक निघते, तर उत्तम शुक्रवारी येशूच्या क्रूसावरील सात उद्गारांवर मनन होते. ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत एकत्र प्रार्थना करण्याची रीत अनेक मराठी मंडळ्यांत आढळते. कुटुंबीय आप्तांच्या कबरी स्वच्छ करून फुले वाहतात व मेणबत्त्या लावतात. येशूची कबर पहाटे रिकामी आढळली, या शुभवर्तमानातील प्रसंगाशी ही रीत जोडलेली आहे. त्यामुळे वियोगाच्या जागीच पुनर्भेटीची आशा व्यक्त होते. त्यानंतर चर्चमध्ये उपासना व प्रभुभोजन, आणि घरी गोडाचे जेवण होते.

मराठी गीते

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंगादी देशी छंदांत ख्रिस्ती गीते रचली. अशा रचनांमुळे मिशनऱ्यांबरोबर आलेली उपासना मराठी भजनपरंपरेशी जोडली गेली.