शनिवार तेल्यांची लेक : डॉ. जेरुशा झिराड

अचलपूर-परतवाड्याच्या आपल्या कोणत्याही वस्तीत साठी ओलांडलेल्या बाईला विचारा, अडलेल्या बाळंतिणीला पूर्वी कुठे न्यायचे? ती चटकन सांगेल, "डफरीनले." अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला वऱ्हाडात अजूनही डफरीनच म्हणतात. व्हाइसरॉयची पत्नी लेडी डफरीन हिने १८८५ साली हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळावी म्हणून निधी उभा केला, त्यावरून हे नाव पडले. पुरुष डॉक्टरला हात दाखवण्यापेक्षा घरच्या अंधाऱ्या खोलीत मरण पत्करणाऱ्या बायका तेव्हा सर्व जातींत होत्या. आपल्या माता-भगिनींच्या बाबतीत तर प्रश्नच वेगळा होता. डॉक्टरनेच त्यांना हात लावायचे नाकारले तर काय?

ही अतिशयोक्ती नव्हे. प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत काठियावाडमधील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीकत नोंदवून ठेवली आहे. १९२९ साली त्याची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. शेवटी बाळंतिणीला वस्तीबाहेर आणायला लावून त्याने तिला दुरूनच पाहिले. थर्मामीटर तिच्यापर्यंत पोहोचवला तोही एका मुसलमानाच्या हातून. ती माउली गेली. शिकलेला डॉक्टर होता, औषध होते, पण मध्ये विटाळ आडवा आला.

त्याच वर्षी मुंबईच्या कामा हॉस्पिटलची सूत्रे एका मराठी बोलणाऱ्या स्त्री डॉक्टरच्या हाती होती. ती हिंदू नव्हती, पारशी नव्हती, ख्रिस्तीही नव्हती. ती यहुदी होती. तिचे नाव डॉ. जेरुशा झिराड. आपल्या साप्ताहिकात यहुदी बाईची कहाणी कशाला, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर पुढे आपोआप मिळेल.

कोकणात अलिबागजवळ झिराड नावाचे गाव आहे. तेच या घराण्याचे आडनाव. जसे आपल्याकडे गावावरून आडनाव पडते, तसेच या बेने इस्राएल लोकांचेही पडले. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, त्यातून सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, असे ते परंपरेने सांगतात. तेलाचे घाणे चालवणे हा त्यांचा व्यवसाय. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिले 'शनिवार तेली'. म्हणजे धर्म कोणताही असो, या देशात आलेल्या माणसाला जातीचा शिक्का मारल्याशिवाय गाव स्वस्थ बसत नाही! आणि शिक्का बसला की तो खालीही झिरपतो. या चिमुकल्या समाजातही 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' असे दोन भाग पडले आणि त्यांच्यात बेटीव्यवहार बंद झाला. पुढे यातील बहुसंख्य लोक इस्राएल देशात गेले, तर तिथल्या धर्मपीठाने त्यांच्याच यहुदीपणावर शंका घेतली. लग्ने अडली. त्यासाठी त्यांना आंदोलन करावे लागले, तेव्हा १९६४ साली तिथल्या संसदेने ते इतरांच्या बरोबरीचे यहुदी असल्याचे स्पष्ट केले. बरोबरीचा दाखला मागत फिरण्याचे दुःख आपल्याला कुणी वेगळे समजावून सांगायला नको.

जेरुशा यांचा जन्म १८९० साली म्हैसूर संस्थानातील शिमोग्याला झाला. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत. अकरा वर्षांच्या असताना त्यांची बहीण गंभीर आजारी पडली आणि कामा हॉस्पिटलमध्ये डॉ. ॲनेट बेन्सन या गोऱ्या बाईंच्या उपचाराने बरी झाली. त्या पोरीने तेव्हाच ठरवले की आपणही डॉक्टर व्हायचे आणि याच इस्पितळाचे प्रमुख व्हायचे. अकरा वर्षांची मुले काय वाटेल ते ठरवतात. या मुलीने ते करून दाखवले.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधून १९१२ साली त्या डॉक्टर झाल्या. पुढे विलायतेला जायचे, तर सरकारी शिष्यवृत्ती बायकांना मिळत नव्हती. टाटांच्या निधीतून कर्जाऊ मदत घेऊन त्या लंडनला गेल्या. नंतर मात्र भारत सरकारला आपली शिष्यवृत्ती एका स्त्रीला द्यावी लागली. ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या. १९१९ साली प्रसूतिशास्त्रात लंडन विद्यापीठाची एम. डी. झालेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. याच काळात, १९१६-१७ साली, बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर शिकणारा आपला भीमरावही त्याच लंडनमध्ये होता. एक शनिवार तेल्यांची लेक, दुसरा महार सुभेदाराचा लेक. वर महायुद्धाची विमाने आणि खाली दोघांची पुस्तके.

लंडनमध्ये त्यांना आणखी एक गोष्ट सापडली. तिथे यहुद्यांचा एक सुधारक पंथ होता. कळत नसलेली प्रार्थना पुटपुटण्यापेक्षा समजून करावी, स्त्रीने सज्ज्यात पडद्याआड न बसता पुरुषांबरोबर बसावे, असे तो मानी. या पंथाच्या पुढारी होत्या लिली माँटेग्यू नावाच्या विदुषी. त्यांचा भाऊ एडविन माँटेग्यू हा तेव्हाचा भारतमंत्री. त्याच्या नावाच्या सुधारणांमधून १९१९ चा कायदा आला, प्रांतोप्रांती नवी कायदे कौन्सिले बसली आणि त्यांपैकी मुंबईच्या कौन्सिलात १९२७ साली बाबासाहेबांनी पाऊल ठेवले. बहिणीकडून एका मराठी यहुदी मुलीने धर्मसुधारणा घेतली, भावाच्या कायद्याने आपल्या बाबासाहेबांसाठी कौन्सिलाचे दार किलकिले केले. इतिहासाचे धागे असे कुठून कुठे जातात!

परत आल्यावर डॉ. झिराड यांनी १९२५ साली मुंबईत 'ज्युईश रिलिजस युनियन' काढली. जुन्या मंडळींना हे रुचणारे नव्हते. समाज मूठभर, त्यात एक बाई उठून वेगळी प्रार्थनासभा भरवते! पण त्या डगमगल्या नाहीत. स्वतःचा समाज सोडला नाही आणि त्यातले जे पटले नाही ते मुकाट सोसलेही नाही. आपल्या विहारांत वंदना तोंडपाठ म्हणणाऱ्या किती जणांना तिचा अर्थ ठाऊक आहे, आणि विहाराच्या कमिटीवर किती बायका आहेत, हे मी इथे मोजत बसत नाही. वाचकांनी आपापल्या गावात मोजावे.

१९२८ पासून १९४७ पर्यंत त्यांनी कामा हॉस्पिटल सांभाळले. १८८६ साली पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे बायकांचे आणि मुलांचे इस्पितळ. तिथे येणाऱ्या बाया मुंबईच्या चाळींतल्या. बाळंतपणात दगावली की घरचे म्हणत, "तिचे नशीब." डॉ. झिराड नशिबावर थांबल्या नाहीत. मुंबई शहरात बाळंतिणी का मरतात, याची त्यांनी रीतसर पाहणी केली. तिचा अहवाल १९४१ साली प्रसिद्ध झाला. मला त्यांच्या सर्व कामांत हेच काम सर्वांत मोठे वाटते. मी कारकून माणूस, जावक-आवक नोंदवण्यात आयुष्य गेले. ज्याची नोंद नाही त्याची दखल नाही, हे मला रोज दिसते. मेलेल्या बाळंतिणीचे कारण कागदावर आले, की मग सरकारला, नगरपालिकेला, मालकाला जाब विचारता येतो.

जाब विचारण्याची जागा म्हणजे कायदेमंडळ. डॉ. झिराड आमदार नव्हत्या. पण त्यांच्याच वर्षी, १९१२ साली, मद्रासमध्ये डॉक्टर झालेल्या मुथुलक्ष्मी रेड्डी १९२७ साली मद्रास कौन्सिलात गेल्या. त्यांची आई देवदासी कुळातली. त्या लेकीने कौन्सिलात उभे राहून देवदासी प्रथेविरुद्ध आघाडी उघडली. इकडे मुंबईत गिरणीतल्या गरोदर बाईसाठी उभे राहिले ते बाबासाहेब. प्रसूतिपूर्व आणि प्रसूतीनंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी १९२८ च्या जुलैत कौन्सिलात सांगितले. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात मातृत्व लाभाचा कायदा झाला. १९३८ साली संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी विधानसभेत मांडला. तो फेटाळला गेला. हात वर करणारे बहुतेक पुरुष, बाळंतपण सोसणाऱ्या दुसऱ्याच!

आणि आता आपल्या घरची गोष्ट. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. हजारो बाया जमल्या. अध्यक्षस्थानी होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या! मुले मर्यादित असावीत, हे त्यांनी भर सभेत बोलून दाखवले. काडीमोडाचा हक्क, अनेक बायका करण्यावर बंदी, गिरण्या आणि विडी कारखान्यांतील बायांना रजा व भरपाई, कायदेमंडळांत स्त्रियांना जागा, असे ठराव त्या परिषदेने केले. मुंबईत एक यहुदी डॉक्टर बाळंतिणींच्या मरणाची कारणे शोधत होती आणि नागपुरात पायी चालत आलेल्या आपल्या आया-आज्या त्यावरचा इलाज मागत होत्या. अचलपुरात किती घरांत सुलोचनाबाईंचा फोटो आहे?

आज मातृत्व लाभाचा हक्क देशभर कायद्याने आहे. १९६१ साली तसा कायदा झाला. २०१७ साली रजा सव्वीस आठवड्यांची झाली. पण ती कुणाला? नोकरीच्या पटावर नाव असलेल्या बाईला. आपल्या गावची फिनले गिरणी २०२० पासून बंद पडली, तेव्हा पटावरची होती ती नावेही गेली. निंदणाला जाणारी, वीटभट्टीवर आणि बांधकामावर राबणारी आपली बहीण नवव्या महिन्यापर्यंत कामावर दिसते. मेळघाटातली कोरकू बाळंतीण अजूनही चिखलदऱ्याहून घाट उतरून अचलपूरला आणि तिथून अमरावतीला, त्याच डफरीनला, धाडली जाते. रक्त कमी, वाट लांब.

डॉ. झिराड यांना १९६६ साली पद्मश्री मिळाली. त्याआधी स्त्री डॉक्टरांच्या अखिल भारतीय संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी दहा वर्षे सांभाळले. १९८४ साली, नव्वदी पार करून, त्यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या समाजातले निम्म्याहून अधिक लोक देश सोडून गेले होते. उरलेल्यांना महाराष्ट्र सरकारने २०१६ साली अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. त्यांची संख्या आता काही हजारांवर आली आहे. अलिबागच्या वाटेवर झिराड गावाची पाटी मात्र अजून आहे.